प्रार्थनेला औषधासारखं तोलता येतं का? एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा

मागच्या महिन्यात जामनेरकडच्या एका विद्यार्थिनीने तिचा सिनॉप्सिस मला वाचायला पाठवला. पेट पास झालेली, मुलाखत तोंडावर. विषय होता, 'मध्यस्थीच्या प्रार्थनेचा रुग्ण बरा होण्यावर परिणाम: जळगाव जिल्ह्यातील अभ्यास'. दोन गट करायचे, एकासाठी प्रार्थना करवून घ्यायची, दुसऱ्यासाठी नाही, आणि फरक मोजायचा. सगळा डोलारा उभा होता २००६ च्या एका अमेरिकन पेपरवर.

मी तिला विचारलं, "हाच विषय का?" आधी तिने 'रिसर्च गॅप' वगैरे सांगितलं. मग पहूरच्या स्टँडवर चहा पिताना खरं कारण बाहेर आलं. तिच्या मावशीला फिट येतात. एका प्रार्थनासभेत मावशीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, पुढचे काही आठवडे फिट आली नाही, मावशीने सभेत उभं राहून साक्ष दिली आणि गोळ्या बंद केल्या. नंतर फिट आली ती चुलीजवळ. हात भाजला. आणि तिला सांगण्यात आलं की तुझा विश्वास कमी पडला, घरात काही पाप लपलेलं असेल.

"मला हे खोटं आहे ते सिद्ध करायचंय," ती म्हणाली. तिच्या परवानगीने हे लिहितोय. तिचा राग मला शंभर टक्के पटतो, तो सिनॉप्सिस मात्र पटला नाही. का पटला नाही, ते सांगण्यासाठी आधी तो पेपर नीट वाचावा लागेल. तुमच्यापैकी अनेकजण आयुष्यात एकदा तरी असा सिनॉप्सिस लिहिणार आहात, ज्याची पद्धत चोख आणि प्रश्नच चुकलेला. म्हणून हा लेख.

पेपर काय सांगतो?

अमेरिकन हार्ट जर्नल, एप्रिल २००६. हर्बर्ट बेन्सन आणि सहकारी. अभ्यासाचं लघुनाव 'स्टेप'. सहा हॉस्पिटलं, बायपास शस्त्रक्रिया होणारे १८०२ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत विभागलेले:

पहिला गट (६०४): 'तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही' असं सांगितलं, आणि प्रार्थना झाली.
दुसरा गट (५९७): तेच सांगितलं, पण प्रार्थना झाली नाही.
तिसरा गट (६०१): 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होईल' असं सांगितलं, आणि झाली.

प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते, दोन कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट म्हणून धरलेला. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं जायचं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस प्रार्थना. मोजायचं काय, तर ३० दिवसांत कुठलीही गुंतागुंत झाली का.

निकाल: पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटात, ज्यांना 'नक्की' सांगितलं होतं, ५९ टक्के! मृत्यूंच्या प्रमाणात तिन्ही गटांत विशेष फरक नव्हता.

बातम्यांचा मथळा झाला, 'प्रार्थनेचा उपयोग नाही, उलट अपायच'. आमच्या विद्यार्थिनीनेही हेच एक वाक्य उचललं होतं.

आधी चांगलं काय ते

टीका करताना आधी समोरच्याचं बळ मान्य करा. स्टेपच्या आधीचे अभ्यास फार कच्चे होते. सगळ्यात गाजलेला रँडॉल्फ बर्ड यांचा, १९८८ चा. सॅन फ्रान्सिस्कोच्या हृदयरोग अतिदक्षता विभागातले ३९३ रुग्ण. प्रार्थनेचा गट सरस ठरला असं जाहीर झालं. पण बर्ड यांनी दोन डझनांहून जास्त गोष्टी मोजल्या होत्या आणि त्यातल्या सहांमध्ये फरक दिसला. आता वही काढा आणि हा हिशेब करा: काहीच परिणाम नसताना एका चाचणीत चुकून 'फरक' दिसण्याची शक्यता ५ टक्के. अशा २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एकात तरी फरक दिसण्याची शक्यता किती? १ वजा (०.९५ चा २० वा घात), म्हणजे साधारण ६४ टक्के. बर्ड यांची मोजमापं एकमेकांत गुंतलेली असल्याने त्यांचं गणित याहून किचकट आहे, पण धोका कळला असेल. स्टेपने एकच मुख्य मोजमाप आधीच ठरवून ठेवलं. हे शिकण्यासारखं आहे.

अजून एक नमुना पाहा. २००१ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात लिओनार्ड लेबोविची यांनी ३३९३ रुग्णांचा अभ्यास छापला. हे रुग्ण १९९० ते १९९६ दरम्यान रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी इस्रायलमधल्या एका हॉस्पिटलात दाखल झालेले. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली २००० साली! म्हणजे रुग्ण घरी जाऊन, किंवा मरून, कित्येक वर्षं झाल्यावर. तरी प्रार्थनेच्या गटात ताप आणि हॉस्पिटलातला मुक्काम कमी निघाला, तोही 'सिग्निफिकंट'. लेखकाचा हेतू मिश्किल होता. जी गोष्ट घडण्याचा काही मार्गच नाही, तिला पी-व्हॅल्यू चिकटवली म्हणून ती खरी होत नाही. गंमत म्हणजे काही वाचकांनी तो अभ्यास गंभीरपणे घेतला.

पहिली तक्रार: नेमकं मोजलं काय?

औषधाच्या चाचणीत एक गट औषध घेतो, दुसरा घेत नाही. स्टेपमध्ये दुसऱ्या गटाला कोणाचीच प्रार्थना मिळाली नाही का? बायपासला निघालेल्या माणसाची बायको, आई, लेक, शेजारी गप्प बसले असतील? बहुतेक रुग्णांनी आपल्यासाठी घरचे प्रार्थना करणार असं सांगितलेलंच होतं, आणि संशोधकांनी ते थांबवलं नाही, थांबवणं योग्यही नव्हतं. म्हणजे तुलना झाली ती 'घरच्यांची प्रार्थना' विरुद्ध 'घरच्यांची प्रार्थना अधिक तिऱ्हाईताची थोडी प्रार्थना' अशी. दोन्ही गटांना औषध चालूच आहे, एकाला एक गोळी जास्त. आणि त्या गोळीची मात्रा किती, हे कोणाला सांगता येणार?

दुसरं, प्रार्थना करणारे कोण? धर्माच्या अभ्यासक कँडी गंथर ब्राउन यांनी 'टेस्टिंग प्रेयर' (२०१२) या पुस्तकात हा मुद्दा लावून धरला आहे. स्टेपमधला 'प्रोटेस्टंट' गट म्हणजे सायलेंट युनिटी. देव बाहेरून हस्तक्षेप करून रोग बरा करतो, या पारंपरिक अर्थाची विनवणी ही त्या पंथाची शिकवणच नाही. अनेक इव्हँजेलिकल लोक त्यांना ख्रिस्तीही मानत नाहीत. म्हणजे ज्या दाव्याची परीक्षा घ्यायची, तो दावा करणारे लोक निदान त्या 'प्रोटेस्टंट' गटात तरी नव्हते.

तिसरं, ५९ टक्क्यांचं काय? तो गट आणि पहिला गट यांत फरक फक्त 'माहीत असण्याचा' आहे, प्रार्थना दोघांनाही झाली. म्हणून त्यातून 'प्रार्थना अपायकारक' असा निष्कर्ष निघूच शकत नाही. फार तर 'प्रार्थना होतेय हे कळण्याचा' परिणाम म्हणता येईल: आपली तब्येत इतकी वाईट आहे का, अशी धास्ती. हा अंदाजच आहे. लेखकांनी स्वतः योगायोगाची शक्यताही मान्य केली आहे. मथळे लिहिणाऱ्यांनी मात्र तेवढं वाचलं नाही.

दुसरी तक्रार: आपल्या भागात दावा वेगळाच आहे

इथे मला जरा खानदेशात यावं लागेल. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव आणि पलीकडे अकोला-अमरावती या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या मिशनने काम केलं ते म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. संस्थापक ए. बी. सिम्प्सन. १८८१ मध्ये आपलं दुखणाईत हृदय प्रार्थनेने बरं झालं असं ते सांगत. त्यांची शिकवण 'चौपदरी सुवार्ता' म्हणून ओळखली जाते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. म्हणजे आपल्या भागात जी शिकवण आली तिच्या चार खांबांपैकी एक खांबच आरोग्यदानाचा होता.

पण त्याच काळात त्याच धर्माचा दुसरा रस्ताही महाराष्ट्रात होता. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्याकडे नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. तिथे प्रार्थनाही होते आणि सलाईनही लागतं. तेव्हा 'ख्रिस्ती लोक असं मानतात' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये दिसलं की पहिल्यांदा खोडा. कोणते ख्रिस्ती, कुठले, कधीचे?

आणि गावातल्या सभेत जो दावा होतो तो दूरच्या अनोळखी माणसाने आद्याक्षर वाचून केलेल्या प्रार्थनेचा नसतो. तिथे पाळक समोर असतो, डोक्यावर हात असतो, गाणी, रडणं, आजूबाजूला आपली माणसं. ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा जवळून केलेल्या प्रार्थनेचा मोझांबिकमधला अभ्यास छापला: २४ लोक, प्रार्थनेच्या आधी आणि नंतर दृष्टी व श्रवण तपासलेलं, सुधारणा दिसली. पण कंट्रोल ग्रुप नाही, आणि गजबजाटात घेतलेल्या श्रवणचाचणीत माणूस दुसऱ्या वेळी जास्त जोर लावून ऐकतो ही शंका उरतेच. म्हणजे एकीकडे चोख पद्धत आणि भलताच दावा, दुसरीकडे योग्य दावा आणि कच्ची पद्धत.

मग मावशीच्या साक्षीचं काय? तिथे दोन गोष्टी तुम्हाला यायलाच हव्यात. एक, फिट, दमा, सांधेदुखी असे आजार वरखाली होत असतात. माणूस सभेला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. दोन, मंचावर साक्ष द्यायला बरं वाटलेलाच माणूस येतो. ज्याचा त्रास परतला तो पुढच्या आठवड्यात माईकवर येऊन 'माझी साक्ष रद्द करा' म्हणत नाही. आपल्यापुढे येतो तो गाळून आलेला नमुना. मावशी खोटं बोलत नव्हती. तिने जे अनुभवलं ते सांगितलं.

आता खरा प्रश्न

विद्यार्थिनीला मी विचारलं, "समज, तुझा अभ्यास झाला, प्रार्थनेचा परिणाम शून्य निघाला. मावशीला काय फरक पडेल?" ती गप्प. कारण देवाला चाचणीला बसवू नये असं खुद्द बायबलच सांगतं, अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आणि मत्तयाच्या चौथ्या अध्यायात. श्रद्धावान माणूस म्हणेल, तुमच्या चाचणीत देव आलाच नाही. वाद तिथेच संपला.

मावशीला इजा नेमकी कशाने झाली? प्रार्थनेने नाही. दोन गोष्टींनी झाली. गोळ्या एकदम बंद झाल्या, आणि फिटच्या गोळ्या एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि त्रास परतल्यावर दोष तिच्या माथी मारला गेला. या दोन्ही गोष्टी मोजता येतात, आणि त्यांवर चांगलं संशोधन आहे.

केनेथ पार्गामेंट यांचा २००१ चा पेपर घ्या. हॉस्पिटलात दाखल झालेले ५५ वर्षांवरचे ५९६ रुग्ण, बहुतेक प्रोटेस्टंट, सुमारे दोन वर्षं पाठपुरावा. 'देवाने मला टाकलं', 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का', 'हे सैतानाने केलं' असं ज्यांच्या मनात घोळत होतं, त्यांच्यात मृत्यूची जोखीम १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाली, वय, आजार, मनःस्थिती हिशेबात घेऊनही. इथेही डोळे उघडे ठेवा: जास्त आजारी माणसालाच देवाने टाकल्यासारखं वाटत असेल, आणि तो आजार मोजमापातून निसटला असेल. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण प्रश्न किती नेमका आहे बघा. देव आहे की नाही यात ते पडलेच नाहीत. देवाने टाकल्याची भावना घेऊन खाटेवर पडलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यांनी विचारलं.

शेवटच्या दिवसांबद्दलही तसंच. २००९ मध्ये जामा या नियतकालिकात फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा अभ्यास दिला. आजारात श्रद्धेचा फार आधार घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के लोक शेवटी व्हेंटिलेटरवर गेले, कमी आधार घेणाऱ्यांत ३.६ टक्के. शेवटपर्यंत चमत्काराची वाट पाहणं हे याचं एक संभाव्य कारण. २०१३ मध्ये बालबोनी आणि सहकाऱ्यांना ३४३ रुग्णांत दिसलं की ज्यांना धर्मसमुदायाचा भक्कम आधार होता ते हॉस्पिसकडे कमी वळले. पण डॉक्टर-नर्सच्या चमूनेच जेव्हा त्यांच्या श्रद्धेची विचारपूस केली, तेव्हा हे चित्र बदललं. म्हणजे श्रद्धा अडसर होती असं सरसकट म्हणता येत नाही, तिच्याबद्दल कोण बोलतं यानेही फरक पडतो.

आणि धर्म इथे काय म्हणतो? पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं होतं की असाधारण, भार होणारे उपचार घेत राहण्याचं बंधन नाही. म्हणजे व्हेंटिलेटर नाकारणारा कॅथलिक माणूस त्या शिकवणीप्रमाणे पापी ठरत नाही. आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद १९१७ च्या चर्चच्या कायद्यात होती, १९८३ च्या कायद्यातून ती गेली. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाची वाट काही अटींवर उघडली, ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विल मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. कायदा आणि चर्च यांच्यात इथे वाटतं तेवढं अंतर नाही. सक्रिय दयामरणाला दोघांचाही नकार आहे. पण 'उपचार थांबवले तर नरक मिळेल का' या धास्तीत असलेल्या घराला हे कोणी समजावून सांगितलंय का, यावर जळगाव-धुळ्यात अख्खी पीएचडी होईल.

'विश्वास कमी पडला' हे वाक्य

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे हे लिहिताना दोनदा विचार केला. पण पेपरांच्या बरोबरीने मूळ ग्रंथही वाचायचा असतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचा घरगुती उपायच.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या, पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते राहून गेलं. पुढे १९०५ ची ख्रिस्ती जगात गाजलेली जागृती त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाली. बहिरेपण मात्र राहिलंच. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग मावशीला तरी ते का ऐकावं लागतं?

आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही प्रार्थना आणि उपासनेला हात लावत नाही. पण साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं तो गुन्हा ठरवतो. रेघ कुठे ओढली आहे ते पाहा: प्रार्थनेवर नाही, उपचार अडवण्यावर.

सिनॉप्सिसचं काय झालं

आम्ही दोन तास बसून प्रश्न बदलला. नवा प्रश्न असा: जळगाव जिल्ह्यात आरोग्याच्या प्रार्थनासभेला जाणारे दीर्घ आजारी रुग्ण औषध कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबवतात, आणि त्रास परतला तर ते कोणाला सांगतात?

पद्धत: रुग्णांच्या मुलाखती, पाळकांच्याही. 'औषध चालू ठेवा' असं मंचावरून सांगणारे पाळकही असतात, त्यांना नमुन्यात घ्यायलाच हवं, नाहीतर आपणही गाळलेला नमुनाच दाखवू. साक्ष दिलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा भेटायचं. आणि एथिक्स कमिटीपुढे आधीच लिहून द्यायचं की मुलाखतीत कोणी गोळ्या बंद केल्याचं कळलं, तर आपण नुसती नोंद करून उठणार नाही, त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची सोय काय असेल. दोन गटांच्या प्रयोगात ही जबाबदारी तिच्या लक्षातच आली नव्हती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी माझ्याकडून तीन प्रश्न. तुम्ही तपासताय तो दावा खरंच कोणी करतं का? उत्तर काहीही आलं तरी ज्याला त्रास झाला त्याला त्याचा उपयोग काय? आणि तुमचा नमुना कोणत्या गाळणीतून आलाय?

मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. मावशीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. ती रविवारी सभेलाही जाते. भाचीने दोन्हींपैकी कशालाच अडवलेलं नाही, फक्त गोळ्यांचा डबा ती स्वतः भरून देते.